वडोदऱ्यात स्मृतिफलक लावायचा असेल तर: परवानगी, पुरावे, मजकूर

आधी भिंत कोणाची ते पाहा, अर्जाची वाट त्यावरच ठरते.

खासगी वाडा असेल तर मालकाची लेखी संमती लागते. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर जितकी नावे, तितक्या सह्या. घरवेऱ्याची (घरपट्टीची) पावती मालकी सिद्ध करत नाही आणि भाडेकरूची संमती पुरत नाही. परगावी असलेल्या एका वारसाची सही राहिली, तर लागलेली पाटीही उतरवावी लागू शकते.

बाग, चौक, रस्ता महापालिकेचा असेल तर वॉर्ड कचेरीमार्फत आयुक्तांच्या नावे अर्ज करा. अर्ज गुजरातीत लिहा. जागेचा नकाशा, भिंतीचा फोटो, पाटीचे माप व मजकूर जोडा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. हजिरा मकबऱ्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकात मात्र परवानगी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडेच मागावी लागते. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, म्हणून तिथे चौथऱ्याचा प्रस्ताव देऊच नका.

व्यक्ती हयात नसावी. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर लागणाऱ्या निळ्या पाट्यांसाठी मृत्यूनंतर 20 वर्षे जावी लागतात; आपणही तेवढे थांबावे, कारण तोवर घरच्यांचे कौतुक मागे पडून काम उरते.

खरी मेहनत पुराव्यांची. व्यक्ती आणि घर यांचा संबंध दाखवणारा त्या काळातला कागद हवा: खरेदीखत, पत्त्यासह आलेले पत्र, शाळेचा दाखला, दरबारी नोकरीची नोंद. मोडीतल्या कागदासोबत जाणकाराच्या सहीचे देवनागरी लिप्यंतर द्या. घरक्रमांक बदललेले असतात, म्हणून जुना आणि नवा दोन्ही क्रमांक लिहा.

तारखांत फार घोटाळे होतात. आपल्याकडच्या कागदांत शक, विक्रम संवत आणि इसवी सन शेजारी शेजारी सापडतात. शकात 78 मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. गुजराती संवत कार्तिकात बदलतो: तेव्हापासून डिसेंबरअखेर 57 वजा, पुढे 56. चुकलेले वर्ष दगडात खोदले की पुढची पिढी तेच खरे मानते.

मजकुरात नाव, वर्षे, काम आणि या जागेशी नाते, एवढेच. 25-30 शब्द पुरेत. ‘थोर’, ‘महान’ नको. श्रीअरविंद वडोदऱ्यात 1893 ते 1906 होते. त्यांच्या एखाद्या घरावर पाटी लावायची तर त्या घरातली वर्षेच लिहावीत, सगळी तेरा नव्हेत. घटनेची पाटी तर नेमक्या जागी हवी: 23 सप्टेंबर 1917 रोजी डॉ. आंबेडकर अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प करत बसले ते कमाटीबागेत, म्हणून त्याचे स्मारक, संकल्पभूमी, हीही तिथेच.

खोदकामाआधी मजकुराची छापील प्रत मालक आणि कारागीर दोघांच्या सहीने पक्की करा. पाटीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, अक्षरे किमान 20 मिलिमीटर. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. लोखंडी गंजून भिंतीवर ओघळ येतात. चुन्याच्या जुन्या भिंतीत भोके विटेत न पाडता सांध्यात पाडा आणि ती चुन्यानेच भरा. सिमेंट ओल कोंडते, मग पाटीभोवतीचा गिलावा सुटतो.