अंगणवाडी आणि उपकेंद्र: समन्वयाची पार्श्वभूमी

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासूनच तिच्यात एक गोम आहे. सहा सेवांपैकी पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण अंगणवाडीकडे. लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भसेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं) मात्र आरोग्य खात्याच्या भरवशावर. अंगणवाडी सेविकेवर बालविकास प्रकल्प अधिकारी, तर एएनएमवर, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेवर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. ग्रामीण महाराष्ट्रात या दोन वाटा थेट जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपाशी एकत्र येतात. गावपातळीवरचा तंटा तिथवर जाईतो मूल हातचं जाऊ शकतं.

आकड्यांचा मेळही बसत नव्हता. उपकेंद्र सपाट भागात 5,000 आणि आदिवासी वा डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येला एक, अंगणवाडी साधारण 400 ते 800 ला. एका एएनएमच्या वाट्याला सहजच सात-आठ अंगणवाड्या. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, मिळाली. सोबत ग्राम आरोग्य व पोषण दिन आला: महिन्यातला ठरलेला दिवस, जागा अंगणवाडीची, लस आणि तपासणी एएनएमची, घरोघर निरोप आशाचा. आजवरचा सगळ्यात कामाचा बदल हाच म्हणावा लागेल, कारण त्यात तारीख आणि जागा पक्की झाली.

2008 पासून वाढीचे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष लागू झाले. तीव्र कुपोषण (सॅम) उंचीच्या मानाने वजन पाहून ठरू लागलं, म्हणून उंची अचूक मोजणं भाग पडलं. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं. उभं धरून मोजलं तर उंची सुमारे 0.7 सेंटीमीटर कमी भरते, वजन त्या मानाने पुरेसं दिसतं आणि सीमेवरचं सॅम मूल यादीतून निसटतं. दंडघेर 11.5 सेंटीमीटरहून कमी किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर मात्र उंचीची वाट पाहायची नाही.

पुढचा निर्णय एएनएम आणि डॉक्टरांचा. भूक चाचणीत मूल नीट खात असेल आणि दुसरा आजार नसेल, तर महाराष्ट्रात त्याला गावातल्याच ग्राम बालविकास केंद्रात ठेवतात; नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्रात, साधारण 14 दिवस. तिथे नेमकं अडतं. आईची मजुरी बुडते, घरी धाकटं-थोरलं असतं, म्हणून ती मुदतीआधीच मूल घेऊन निघते. केंद्राने हे आशाला आणि सेविकेला त्याच दिवशी कळवलं नाही, तर दर पंधरवड्याच्या फेरतपासण्या कागदावरच राहतात. सेविकेच्या नोंदीत मूल अजून दवाखान्यात असतं, दवाखान्याच्या नोंदीत घरी, आणि घरपोच आहाराचं पाकीट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 2021 पासून पोषण ट्रॅकर आला. पण ते महिला व बालविकास खात्याचं ॲप. एएनएमची माता-बाल नोंद वेगळ्या ठिकाणी जाते. पोषण दिनाला सेविका आणि एएनएम दोघींनी यादी शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहिलं, तरच तफावत सापडते.