फोनवरच्या प्रश्नावलीत न सापडणारी माणसं

इंदूरमधल्या साठी उलटलेल्या मराठी माणसांना एकटेपणा किती छळतो, हे शोधायचं आहे असं धरून चला. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रश्नावलीची लिंक लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून द्यायची. संध्याकाळपर्यंत भरपूर उत्तरं येतील. पण ती कोणाची? भजनी मंडळात जाणाऱ्या, नाटकाच्या तारखा ग्रुपवर कळवणाऱ्या काकूंची. ज्या आजी गुडघेदुखीमुळे कित्येक महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत, त्या ग्रुपमध्येच नसतात. मग निष्कर्ष निघतो की आपली ज्येष्ठ मंडळी मजेत आहेत.

उत्तरं वाढवून हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून अध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत झालं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. बरेच पत्ते टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या यादीतले होते, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक बाकीच्यांपेक्षा वेगळे होते.

आज फोन घरोघरी आहे, पण तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्येही स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या देशात साधारण ५४ टक्केच निघाल्या. फोन नसलेल्या आजींना लेकाचा नाही तर नातवाचा फोन मागावा लागतो. नातू शेजारी उभा असताना "सुनेशी पटत नाही, जगणं नकोसं झालंय" असं कोण नोंदवेल? फोनच्या हालचालींवरून झोप मोजणाऱ्या अभ्यासांतही हीच अडचण येते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात ४८ विद्यार्थ्यांची अशी नोंद १० आठवडे ठेवली गेली, पण तिथे एका माणसाला एक फोन होता. सामाईक फोनवर मोजलेली झोप नक्की कोणाची म्हणायची?

याहून अवघड पेच पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली नैराश्याच्या अभ्यासांत जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी, असा सर्वसाधारण संकेत आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. समोरासमोर विचारताना कार्यकर्ती तिथेच थांबून बोलू शकते. पण एखाद्याने रात्री दोन वाजता मोबाइलवर "जवळजवळ रोज" असं निवडलं आणि ते उत्तर आठ दिवसांनी कोणी उघडलं, तर? नाव न विचारता प्रश्न दिले की लोक मोकळेपणाने लिहितात. मात्र ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यापर्यंत मदतीला पोचता येत नाही. मला वाटतं, अशा अभ्यासात फोन नंबर घ्यावाच, तो कशासाठी घेतोय हे संमती घेतानाच स्पष्ट सांगावं आणि फोन करणारं प्रशिक्षित माणूस आधी ठरवावं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर दाखवणं तर किमान झालं.

अभ्यासातून मधेच गळणाऱ्यांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्येच दाखवून दिलं की इंटरनेटवरच्या आरोग्य-प्रयोगांत मोठी गळती व्हायचीच आणि तिचाही अभ्यास करायला हवा. निराश माणसाला रोज अॅप उघडण्याचंही बळ नसतं. तो थांबतो, बरे होणारे टिकतात आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी सुधारलेली दिसते. म्हणून हिशेबात सुरुवातीला आलेला प्रत्येक जण धरावा लागतो. थांबलेल्यांना फोन करून, जमल्यास घरी जाऊन कारण विचारावं लागतं. त्यासाठी दुपारच्या वेळी कागद घेऊन दारात जाणारी, मराठी बोलणारी बाई लागते. अशा कामाचा पगार प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात अॅपच्या खर्चाआधी लिहायला हवा.