गोष्ट नवी, रूळ जुने: डार्क राइडच्या शेवटांची पार्श्वभूमी

मनोरंजन उद्यानातल्या डार्क राइडचा शेवट लेखकाच्या आधी रूळ ठरवतात. बंद इमारतीत, अंधारात, आखलेल्या मार्गावरून फिरणारी गाडी एका दृश्यासमोर जेमतेम पाच-सात सेकंद असते, त्यामुळे संवाद एका वाक्यात संपवावा लागतो. राइडचं नूतनीकरण करताना पुतळे, दिवे, आवाज, प्रोजेक्शन सगळं बदलता येतं. मार्ग, चढ-उतार आणि खोल्या मात्र सहसा आहेत तशाच राहतात, कारण त्यांना हात लावायचा तर भिंती फोडाव्या लागतात. मग नवी गोष्ट जुन्या वळणांत कोंबली जाते आणि सगळ्यात जास्त ओढाताण होते ती शेवटच्या वळणावर.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, तेव्हापासून तिथे हिमगौरीची राइड आहे. तिची मूळ कल्पना धाडसी होती: गाडीत बसलेला माणूस म्हणजेच हिमगौरी. म्हणून राइडमध्ये तिचा पुतळाच नव्हता. शेवटी कड्यावरची चेटकीण अंगावर शिळा लोटायला बघायची आणि तेवढ्यात गाडी दार ढकलून उजेडात यायची. लोकांना ही कल्पना उमगलीच नाही. ‘हिमगौरी कुठे आहे?’ असंच ते विचारत राहिले. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये १९७१ साली सुरू झालेली आवृत्ती तर याहून भयंकर. तिथे चेटकीण थेट प्रवाशांच्या डोक्यावर भलंमोठं रत्न टाकायची. म्हणजे गोष्टीपुरता प्रवासी मेलाच!

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. १९८३ मध्ये डिस्नेलँडचा फँटसीलँड विभाग नव्याने बांधला, तेव्हा हिमगौरीचा पुतळा एकदाचा आत आला आणि नावातच ‘स्केअरी’ (भीतीदायक) हा इशारा घातला गेला. शेवट मात्र तसाच घाईचा राहिला. चेटकीण कोसळते आणि पुढच्याच क्षणी भिंतीवर ‘ते सुखाने नांदू लागले’ अशा अर्थाचं पुस्तकाचं पान. मधलं चुंबन, राजपुत्र, जागं होणं, सगळं गाळलेलं. फ्लोरिडाने १९९४ मध्ये हे सगळं दाखवलं, पण ती राइड २०१२ मध्ये कायमची बंद झाली. डिस्नेलँडला जमलं ते थेट २०२१ मध्ये, नव्या नावाने आणि प्रोजेक्शनच्या मदतीने. तेव्हा एका परीक्षणात झोपलेल्या मुलीच्या चुंबनावर संमतीचा मुद्दा उपस्थित झाला आणि त्यावरून वाद पेटला. सहासष्ट वर्षांनी मिळालेला पूर्ण शेवटही वादातून सुटला नाही.

डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट उद्यानातल्या ‘स्पेसशिप अर्थ’ची अडचण निराळी. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झालेली ही राइड सुमारे ५५ मीटर उंच गोलाच्या आत वर वर चढते. गुहेतल्या माणसापासून निघालेली, माणसांच्या परस्परसंवादाची कहाणी माथ्यावर, ताऱ्यांमध्ये तरंगणाऱ्या पृथ्वीपाशी पोहोचते. खरं तर गोष्ट तिथेच संपते, पण माणसांना खाली तर आणायला हवं! उतार तीव्र असल्याने गाड्या वळून पाठमोऱ्या उतरतात आणि हा उतार काही मिनिटं चालतो. प्रत्येक नूतनीकरणात याच भागाची फेररचना झाली. १९८६ मध्ये अमेरिकी वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचं निवेदन आलं आणि उताराला एक गाणं मिळालं. १९९४ मध्ये निवेदनाला अभिनेते जेरेमी आयर्न्स आले आणि उतारावर फायबर ऑप्टिकच्या दिव्यांचं शहर उभं राहिलं. अभिनेत्री जूडी डेंच यांच्या निवेदनाची आवृत्ती आली तेव्हा उतारावरची दृश्यं काढून गाडीतच टचस्क्रीन बसवले: प्रश्नांची उत्तरं द्या, चढताना काढलेला तुमचा फोटो एका कार्टूनच्या धडावर बसेल. नेमक्या क्षणी मान वळवलीत की चेहऱ्याचा विचका. ही सरळ शरणागती आहे असं आमचं मत आहे. सगळ्या पिढ्यांना एकत्र बांधणाऱ्या गोष्टीचा शेवट प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बघायचा! (चढतानाच्या, रोम जळण्याच्या दृश्यातला धुराचा वास तेवढा सगळ्या बदलांतून टिकला. तोच कित्येकांना सर्वांत जास्त आठवतो.)

‘स्प्लॅश माउंटन’ची तऱ्हा याच्या उलट. १९८९ मध्ये डिस्नेलँडला आणि १९९२ मध्ये फ्लोरिडात आलेल्या, पाण्यातून होडीने जाणाऱ्या या राइडमध्ये यंत्र आणि गोष्ट एकजीव होती. कोल्हा सशाला पकडतो, शेवटच्या चढावर गिधाडं टोमणे मारतात, ससा ‘काहीही कर, पण काटेरी झुडपात फेकू नकोस’ अशी गयावया करतो आणि होडी सुमारे ५० फूट खाली, त्याच झुडपात कोसळते. काट्यांतच वाढलेला ससा सुटतो आणि पुढच्या दालनात जल्लोष. पडणं हीच सुटका. ही कथा मात्र १९४६ च्या ज्या चित्रपटातून घेतली, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर आक्षेप होते. बदलाची घोषणा २०२० मध्ये झाली आणि २८ जून २०२४ रोजी फ्लोरिडात त्याच जागी ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ सुरू झाली.

चर तोच, चढ तोच, कडा तोच. नव्या गोष्टीत टियाना (डिस्नेच्या बेडूक-राजपुत्राच्या चित्रपटाची नायिका) मेजवानीसाठी वादक शोधते आहे. मामा ओडी ही म्हातारी जादूगारीण आपल्याला बेडकाएवढं करते आणि पूर्ववत करताना होडी खाली सुटते. पुतळे अप्रतिम आहेत. पण पाठलाग नाही, खलनायक नाही, त्यामुळे चढावर कसलीच भीती साठत नाही आणि पडण्याला कारण उरत नाही.

उडीनंतरची मेजवानी मात्र चपखल बसली, आणि तेही यंत्रामुळेच. उतरण्याच्या फलाटाआधी होड्या तुंबतात, त्यामुळे शेवटच्या दालनात कुणी तीस सेकंद थांबेल तर कुणी चार मिनिटं. तिथे वेळेत बांधलेला संवाद लिहिला तर तो अर्धवट तरी ऐकू येतो किंवा पुन्हा पुन्हा कानावर आदळतो. फिरून फिरून वाजणारं गाणं कुठूनही ऐकलं तरी चालतं. जुन्या राइडनेही तिथे गाणंच ठेवलं होतं. टोकियो डिस्नेलँडने हा बदल स्वीकारलेला नाही. तिथे ससा अजून काट्यांतच पडतो.