प्रशिक्षकाने किती बोलावं? स्टिमॅच वादामागची पंधरा वर्षं

भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांना २१ जून २०२४ ची पत्रकार परिषद अजून आठवते. चार दिवसांपूर्वी, १७ जूनला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इगोर स्टिमॅचला भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावरून काढलं होतं. मग त्याने ऑनलाइन पत्रकारांना बोलावलं आणि मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे जितक्या लवकर जातील तितकं बरं, असं तो म्हणाला. भारतीय फुटबॉल कैदेत आहे, असंही म्हणाला. खेळाडूंची धाव मोजणारी जीपीएस साधनं संघाकडे कित्येक महिने नव्हती, महासंघाने आपल्याला जाहीर बोलण्याबद्दल ताकीद दिली, त्या ताणात आपल्यावर हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्याने सांगितलं. थकलेले पैसे दहा दिवसांत मिळाले नाहीत तर फिफाकडे दाद मागेन, हा शेवटचा इशारा. महासंघाने आरोप फेटाळले: मागेल ते दिलं, हा माणूस मात्र कायम दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला. काही महिन्यांनी चार लाख डॉलरवर तडजोड झाली.

चाहत्यांमधला वाद मात्र मिटला नाही. प्रशिक्षकाने इतकं बोलावं का? एका बाजूचं म्हणणं होतं, आधी निकाल दाखव, मग तोंड उघड. दुसरी बाजू म्हणत होती, इतक्या वर्षांत कुणीतरी एकदाचं खरं बोललं. हा वाद समजून घ्यायचा तर स्टिमॅचच्या स्वभावापासून सुरुवात करून भागत नाही. बरंच मागे जावं लागतं.

मला विचाराल तर डिसेंबर २०१० पर्यंत. त्या महिन्यात महासंघाने आयएमजी ही क्रीडा-व्यवसायातली कंपनी आणि रिलायन्स यांच्याशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि खेळाचे व्यापारी हक्क सोपवले. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, चांगली मैदानं आली, टीव्हीवर फुटबॉल नीट दिसू लागला, परदेशी खेळाडू आले. हे सगळं खरंच चांगलं झालं. पण वर्षाचं वेळापत्रक कुणाच्या सोयीने ठरणार, या प्रश्नाचं उत्तरही त्याच वेळी बदललं. फिफाचा नियम असा, की आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरवून दिलेल्या तारखांना क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे. त्या तारखांबाहेर सोडायचं की नाही, ही क्लबची मर्जी. म्हणजे राष्ट्रीय प्रशिक्षकाला चार आठवड्यांचं शिबिर हवं असेल, तर त्याला कागदावर काहीच हक्क नाही. विनंती करायची, आणि तीही महासंघामार्फत.

ही अडचण स्टिमॅचच्या आधीच्यांनाही होतीच. इंग्लंडचा बॉब हॉटन २००६ ते २०११ इथे होता. त्याने दोन नेहरू चषक आणि २००८ चा एएफसी चॅलेंज चषक जिंकून दिला, संघाला २०११ च्या आशिया चषकापर्यंत नेलं, आणि शेवटी महासंघाशी बिनसल्यावर निघून गेला. त्याच्यामागून गोव्याचे आर्मांदो कुलासो आणि साव्हियो मेदेरा यांनी थोडा थोडा काळ संघ सांभाळला. स्टीफन कॉन्स्टन्टाइनने जानेवारी २०१९ मध्ये बहारीनविरुद्ध शेवटच्या क्षणांत पेनल्टीवर हरल्यावर त्याच रात्री राजीनामा जाहीर केला. भांडण यांचंही झालं, पण ते बहुतेक बंद दाराआड झालं.

मे २०१९ मध्ये आलेला स्टिमॅच वेगळ्या मातीचा होता. १९८७ साली चिलीमध्ये युवा विश्वचषक जिंकणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या संघातला, १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाला तिसरं स्थान मिळवून देणाऱ्या फळीतला बचावपटू. मैदानावर तो दुसऱ्याला अंगावर घेऊन खेळायचा, माइकसमोरही तसाच बसायचा. पहिल्याच वर्षी दोह्यात कतारला ०-० रोखल्यावर सगळे त्याच्या प्रेमात पडले. महिन्याभराने कोलकात्यात बांगलादेशशी १-१ बरोबरी झाली, तीही गोव्याच्या आदिल खानने ८८व्या मिनिटाला हेडरने वाचवल्यामुळे. मार्च २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने सहा गोल घातले. त्या काळात त्याच्या मुलाखतींवर कुणी भांडत नव्हतं, कारण त्याच्याकडून कुणाच्या फारशा अपेक्षाच उरल्या नव्हत्या.

भांडण सुरू झालं ते यशानंतर. २०२२ च्या जूनमध्ये कोलकात्यात आशिया चषक पात्रतेचे तिन्ही सामने जिंकले. २०२३ मध्ये इम्फाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि बंगळुरूची सॅफ (दक्षिण आशियाई देशांची) स्पर्धा अशी तीन विजेतेपदं ओळीने आली, जुलैमध्ये फिफाच्या क्रमवारीत संघ शंभराच्या आत, ९९व्या स्थानी आला. बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर पाकिस्तानविरुद्ध ४-० जिंकताना त्याने थ्रो-इन घेणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या हातातून चेंडू हिसकावला आणि लाल कार्ड घेतलं. दुसऱ्या दिवशी माफी मागण्याऐवजी लिहिलं की पोरांसाठी गरज पडली तर पुन्हा असंच करीन. पुढच्याच आठवड्यात कुवेतविरुद्ध दुसरं लाल कार्ड. तो बाहेर बसला आणि अंतिम सामन्यात डगआउटमध्ये उभा होता सहायक प्रशिक्षक महेश गवळी, गोव्याचा जुना भरवशाचा बचावपटू. शांतपणे उभा राहिला, आणि पेनल्टीवर चषक आला. तेव्हापासूनच चाहत्यांत दोन सूर उमटले: कुणाला बाहेर बसलेला लढवय्या भावला, कुणाला आत उभा असलेला शांत माणूस.

त्या उन्हाळ्याचा अर्थ काय लावायचा, यावरच पुढचा सगळा वाद उभा आहे. स्टिमॅचचा हिशोब साधा होता. लीग संपलेली, खेळाडू मोकळे, शिबिर लांब, म्हणून जिंकलो. २०२२ लाही लांब शिबिर होतं, तेव्हाही जिंकलो. मला वेळ द्या, मी निकाल देतो. यात तथ्य होतंच. पण दुसराही हिशोब आहे, आणि स्टिमॅचची बाजू घेणारे तो सोयीने विसरतात: हे सगळे सामने घरच्या मैदानावर झाले, आणि आशियातल्या पहिल्या दहांपैकी एकही संघ समोर नव्हता.

जुलै २०२३ मध्ये त्याने थेट पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिलं. क्रीडा मंत्रालयाचा नियम होता की सांघिक खेळात आशियात पहिल्या आठांत असाल तरच आशियाई क्रीडा स्पर्धेला पाठवू. फुटबॉल त्यात बसत नव्हता. पत्रानंतर दहा दिवसांच्या आत सवलत मिळाली. बोलण्याचा उपयोग होतो, हे त्याला आणि चाहत्यांना एकाच वेळी दिसलं. पण सप्टेंबरपर्यंत त्याची मर्यादाही दिसली. ही स्पर्धा फिफाच्या तारखांत बसत नव्हती, आणि सुपर लीग २१ सप्टेंबरला सुरू होणार होती. क्लबांनी खेळाडू सोडायला नकार दिला, यादी पुन्हा पुन्हा बदलली, आणि घाईने जमवलेला संघ चीनविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हांगझोऊला पोहोचला. मध्यंतराला १-१ होतं. आपल्या राहुल केपीचा तो अरुंद कोनातून मारलेला गोल ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. दमलेला संघ १-५ हरला. स्टिमॅच जाहीर चिडला, आणि या वेळी तो पूर्णपणे बरोबर होता असं माझं मत आहे.

त्याच सप्टेंबरमध्ये बातमी आली, की आदल्या वर्षी संघनिवडीबाबत त्याने एका ज्योतिषाशी संदेशांची देवाणघेवाण केली होती. ज्या माणसाने जीपीएस आणि शास्त्रशुद्ध तयारीसाठी रोज आवाज उठवला, त्याच्याबद्दल हे वाचताना त्याचे खंदे समर्थकही गप्प झाले. तिथून त्याच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहायची सवय लागली.

त्याच्या मुलाखतींत दोन मुद्दे सतत यायचे, आणि ते नीट ऐकायला हवे होते. पहिला, स्ट्रायकरचा. लीगमधल्या बहुतेक क्लबांत गोल करण्याची जागा परदेशी खेळाडूकडे असते. मग सुनील छेत्रीनंतर कोण? दुसरा, परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचा. २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय देशासाठी खेळता येत नाही. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या जपानमध्ये जन्मलेल्या अराता इझुमीने नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये तो भारतासाठी उतरला. पण ते अपवादाचं उदाहरण. स्टिमॅचने हा विषय इतक्यांदा काढला की लोक कंटाळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आलेला रायन विल्यम्स, ज्याची आई मूळची मुंबईची, शिबिरात दाखल झाला तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवत होते.

आशिया चषक आला जानेवारी २०२४ मध्ये. त्याने चार आठवडे मागितले, मिळाले दोन. स्पर्धेआधीच तो सांगत होता की आपलं खरं लक्ष्य विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी आहे. ऑस्ट्रेलियाने दोन, उझबेकिस्तानने तीन, सीरियाने एक गोल केला. भारताचा एकही नाही, गुणही नाही. हरल्याचं दुःख होतंच, पण हरण्याआधीच कारण तयार ठेवलं होतं याचा राग जास्त होता. चाहत्याला ही भावना नेमक्या शब्दांत मांडता येत नाही, म्हणून तो ‘फार बोलतो’ एवढंच म्हणतो.

मग गुवाहाटी. २६ मार्च २०२४, छेत्रीचा दीडशेवा सामना, समोर क्रमवारीत १५८वा अफगाणिस्तान. त्यांचे कितीतरी प्रमुख खेळाडू स्वतःच्याच महासंघाशी भांडून बाहेर बसलेले. छेत्रीने पेनल्टीवर गोल केला, आणि शेवटी भारत १-२ हरला. या सामन्याला ना शिबिराचं कारण लागू होतं, ना वेळापत्रकाचं. तिसरी फेरी गाठली नाही तर जाईन, असं त्यानेच म्हणून ठेवलं होतं. त्या रात्री समाजमाध्यमांवर ‘स्टिमॅच आउट’ हेच वाक्य फिरत राहिलं. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी ०-० झाली आणि छेत्रीने निरोप घेतला. पाच दिवसांनी दोह्यात विंगर लालियानझुआला छांगटेच्या गोलने आघाडी मिळाली, पण रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हता. १-२. सहा सामन्यांत पाच गुण, गटात तिसरं स्थान, प्रवास संपला.

आता चाहत्यांबद्दल थोडं सांगतो, कारण या वादात त्यांना ‘नुसते समाजमाध्यमांवर ओरडणारे’ म्हणून हिणवलं गेलं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, आणि तो सामना पाहायला २,५६९ माणसं होती. छेत्रीने मग व्हिडिओतून हात जोडले: या, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. पावसात भिजत लोक उभे होते. ब्लू पिलग्रिम्स या चाहत्यांच्या गटाची मंडळी तर २०१७ पासून इम्फाळपासून दोह्यापर्यंत स्वतःच्या खिशातून प्रवास करतात. या लोकांना कर्णधाराने बोलायला बोलावलं होतं. पण बोललेलं ऐकायला समोर कोण होतं? शिबिर का झालं नाही, संघ उशिरा का पोहोचला, करार कोणत्या अटींवर वाढवला, हे महासंघाने सविस्तर बसून कधी सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये करार जून २०२६ पर्यंत वाढवला आणि आठ महिन्यांत माणसाला काढून लाखो डॉलर मोजले. हा निर्णय कुणाचा, हे आजही चाहत्याला स्वच्छ कळलेलं नाही. आत काय चाललंय हे ज्या एकमेव माणसाच्या तोंडून कळायचं, तो प्रशिक्षक होता. म्हणून त्याच्या मुलाखतींना एवढं वजन आलं. आणि म्हणूनच त्याने त्या मुलाखतींचा वापर स्वतःच्या चुकांवर पांघरूण घालायला केला तेव्हा चाहत्यांना फसवल्यासारखं वाटलं. माझा त्याच्यावर राग आहे तो एवढ्यासाठीच. वेळापत्रकाबद्दल तो खरं बोलत होता, पण गुवाहाटीबद्दलही तितकंच खरं बोलायला हवं होतं.

त्याच्यानंतर आला मनोलो मार्केझ, एफसी गोवाचं काम सांभाळूनच. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर तोही भर पत्रकार परिषदेत उखडला. फरक एवढाच की त्याचा रोख स्वतःच्या संघाच्या खेळावर होता. जूनमध्ये हाँगकाँगने भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हरवलं, जुलैत तो गेला.

१ ऑगस्टला खालिद जमीलची नेमणूक झाली, मेदेरानंतर तेरा वर्षांनी पहिला भारतीय. मुंबईच्या मैदानांवर त्याला महिंद्रा युनायटेडकडून खेळताना आणि मुंबई एफसी सांभाळताना पाहिलेल्यांना माहीत आहे, की हा माणूस मोजून चार शब्द बोलतो. कमी बोलणारा आला, असं अनेकांना हायसं वाटलं. महिनाभरही झाला नाही तोच काफा (मध्य आशियाई) नेशन्स चषकाचं शिबिर लागलं, आणि स्पर्धेच्या तारखा फिफाने ठरवलेल्या तारखांत पूर्ण बसत नाहीत म्हणून मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. खालिदने आवाज चढवला नाही. आहे त्या संघातून त्याने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरं स्थान आणलं, आणि चार दिवस सगळे खूश होते.

१४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूर आलं. छांगटेने १४व्या मिनिटाला गोल केला, पाहुण्यांनी दोन केले, आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. महासंघाचा तो पंधरा वर्षांचा करार संपायला तेव्हा आठ आठवडे उरले होते. नवा झाला नव्हता, आणि पुढची लीग कधी सुरू होणार हे त्या रात्री ड्रेसिंग रूममधल्या एकाही खेळाडूला माहीत नव्हतं.