महालक्ष्मीचे जेवण

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन अशा ३ दिवसांच्या ज्येष्ठागौरींना विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. एकत्र कुटुंबांच्या काळात पूजनाच्या दिवशी सारी भावकी मूळ घरी जेवायला जमे. चुली वेगळ्या झाल्या, वावरे वाटली गेली, तरी महालक्ष्म्यांची वाटणी बहुधा होत नसे. त्या थोरल्याच्या घरी बसत किंवा भावाभावांत पाळीने फिरत. बांधावरून अबोला धरलेले भाऊही त्या दिवशी एकाच पंगतीत पाटावर बसत. या जेवणाचे मोल मुख्यतः यातच आहे.

नैवेद्याला पुरणपोळी, ज्वारीची आंबील, पडवळ घातलेली कढी, वडे, भजी, चटण्या-कोशिंबिरी आणि १६ भाज्या. पावसाळ्यात परसातले वेल आणि झाडे लगडलेली असल्याने दोडके, भोपळा, गवार, भेंडी घरचीच निघत. आकडा भरेना तर शेजारून मूठभर पालेभाजी येई. स्वयंपाक सोवळ्यात होई. आदल्या दिवशी धुतलेले लुगडे उंच दांडीवर काठीने वाळत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन ते काठीनेच उतरवून नेसायचे. पुरणयंत्र घरोघरी येण्याआधी शिजलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर वाटली जाई. २ जावा वाटायला, एक पोळ्या लाटायला, सासू तव्यापाशी. नैवेद्य दाखवेपर्यंत पोरांनाही त्यातले काही मिळत नसे. ती स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत.

आरती होता होता दिवस कलत असे. पहिल्या पंगतीला ब्राह्मण-सवाष्ण, मग पुरुष आणि मुले. पोळीवर तुपाची धार, श्लोक आणि भरपूर आग्रह. राबलेल्या सुना मात्र शेवटच्या पंगतीला, कंदिलाच्या उजेडात बसत. तोवर पोळ्या निवलेल्या आणि भाज्या तळाला गेलेल्या असत. जेवणाच्या गोडव्याचे वर्णन करताना ही बाजू गाळली जाते, ते योग्य नाही. माहेरवाशिणी त्याच पंगतीत बसत, आणि वर्षभराचे बोलणे तिथेच होई.

काही घरांत हा प्रसाद उंबऱ्याबाहेर न नेण्याचा दंडक होता, आजही आहे. तिथे डबा पाठवून भागत नाही. पानावर येऊनच बसावे लागते.