सहा सेकंदांचा नियम आणि पंचांचं तारतम्य

६ ऑगस्ट २०१२. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ऑलिंपिकमधल्या महिला फुटबॉलचा उपांत्य सामना रंगात आला होता. दहा-बारा मिनिटं उरलेली, कॅनडा अमेरिकेच्या ३-२ ने पुढे. कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लाउड चेंडू हातात धरून वेळ काढत होती आणि अमेरिकेची अ‍ॅबी वॉमबाक पंचांच्या कानावर पडेल अशा बेताने सेकंद मोजत होती. नॉर्वेच्या पंच क्रिस्तिना पेडरसन यांनी शिट्टी फुंकली. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांहून जास्त वेळ हातात ठेवला, म्हणून अमेरिकेला अप्रत्यक्ष फ्री किक (चेंडू आणखी एका खेळाडूला लागल्याशिवाय जिच्यावर गोल धरत नाहीत)! त्या किकचा चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली आणि जादा वेळेत, १२३ व्या मिनिटाला, अमेरिकेने ४-३ ने बाजी मारली.

नियम पुस्तकात होता आणि तो मोडला गेला होता, यात वाद नाही. तरीही लोक चक्रावले, कारण एवढ्या मोठ्या सामन्यात हा नियम लावलेला क्वचितच कुणी पाहिला होता. गोलरक्षक सहाहून कितीतरी जास्त सेकंद सर्रास घेत आणि पंच काणाडोळा करत. आळस किंवा भीती हे त्याचं कारण नव्हतं. गोलच्या तोंडाशी मिळालेली फ्री किक म्हणजे जवळपास गोलची संधीच, आणि ती द्यायची कशासाठी, तर तीन-चार सेकंदांच्या दिरंगाईसाठी. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने इतकी जड होती की पंचांनी गुन्ह्याकडेच पाहणं सोडून दिलं.

१८८६ पासून फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या ‘आयफॅब’ या मंडळाने अखेर २०२५ मध्ये ही गाठ सोडवली. मर्यादा आठ सेकंदांची झाली आणि शिक्षा फक्त कॉर्नरची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या कोपऱ्यातून मिळणाऱ्या किकची. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजून दाखवतात. शिक्षा हलकी केली, तेव्हा कुठे नियम लावण्याजोगा झाला. कडक नियमानेच शिस्त लागते असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

फुटबॉलची नियमावली १७ नियमांची. पाचव्या नियमात म्हटलंय की पंचाने नियमांनुसार आणि ‘खेळाच्या भावनेनुसार’ निर्णय द्यावा. म्हणजे तारतम्याला नियमानेच जागा दिली आहे. फाउलचंच पाहा. खेळाडू निष्काळजीपणे भिडला तर नुसती फ्री किक, बेदरकारपणे भिडला तर पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, अवाजवी ताकद लावली तर लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर. निष्काळजीपणा कुठे संपतो आणि बेदरकारी कुठे सुरू होते, हे कोणत्याही फूटपट्टीने मोजता येत नाही. ‘अ‍ॅडव्हांटेज’ही तसंच. फाउल झाला, पण ज्याच्यावर झाला त्याच्याच संघाला खेळ चालू राहण्यात फायदा असेल, तर शिट्टी रोखायची.

काही कलमांत मात्र मोकळीक अजिबात नाही. २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला विजयी गोल केल्यावर स्पेनच्या इनिएस्ताने जर्सी काढली. आतल्या बनियनवर त्याच्या दिवंगत मित्राचं, दानी हार्केचं नाव होतं. जर्सी काढली की पिवळं कार्ड, असा नियम असल्याने पंच हॉवर्ड वेब यांनी ते दाखवलं. त्याच सामन्यात नेदरलँड्सच्या डी याँगने झाबी अलोन्सोच्या छातीवर बुटासकट लाथ घातली होती. त्यालाही पिवळंच कार्ड! आपल्याला ते नीट दिसलं नव्हतं, लाल द्यायला हवं होतं, असं वेब यांनी पुढे मान्य केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी असं म्हणावंसं वाटतं खरं, पण जर्सीच्या बाबतीत त्यांना पर्यायच नव्हता. लाथेच्या बाबतीत होता, आणि नेमकं तिथेच डोळ्यांनी दगा दिला.

पण समजा, सगळं स्पष्ट दिसलं. तरी पंचाचा मेंदू निर्णय घेतो कसा? यावर काही मार्मिक प्रयोग झाले आहेत. नेव्हिल, बालमर आणि विल्यम्स या संशोधकांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ४० प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह तर काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. त्यांची द्विधाही जास्त होती. म्हणजे गोंगाटामुळे पंच पाहुण्यांवर चवताळतो असं नाही. त्याला शंका वाटू लागते, आणि शंकेचा फायदा यजमानांना मिळतो.

स्पॅनिश लीगमधल्या वाढीव वेळेचा, म्हणजे वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून पंच शेवटी जोडतात त्या मिनिटांचा, हिशेब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. यजमान एका गोलने मागे असले की पंच जितका वेळ वाढवत, त्याच्या जेमतेम निम्मा वेळ यजमान एका गोलने पुढे असताना वाढवत. लाच नाही, कट नाही. भरलेल्या स्टेडियमचा दबाव पुरेसा होता.

आधीचे निर्णयही पुढच्या निर्णयात डोकावतात. प्लेसनर आणि बेट्श यांच्या २००१ मधल्या प्रयोगात, एका संघाला एकदा पेनल्टी दिल्यावर त्याच संघाला दुसरी देण्याची शक्यता घटली आणि प्रतिस्पर्ध्याला देण्याची वाढली. समतोल राखणं न्याय्य वाटतं खरं, पण दुसऱ्या फाउलचा पहिल्या पेनल्टीशी काय संबंध? बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या आकडेवारीत असंही दिसलं की सामन्याच्या सुरुवातीला पिवळी कार्डं अपेक्षेपेक्षा कमी निघतात. आजचा सामना किती धसमुसळा होणार याचं माप मेंदूला अजून मिळालेलं नसतं, म्हणून तो टोकाचा निर्णय मागे ठेवतो. अनुभवी पंच याला सामना हाताळण्याचं कसब म्हणतील, आणि त्यात तथ्यही आहे. दुसऱ्याच मिनिटाला लाल कार्ड काढलं तर उरलेला सामना वेगळाच होऊन बसतो. मात्र दुसऱ्या मिनिटाला ज्याच्या नडगीवर लाथ बसली, त्याला हे कसं पटावं?

२०१८ च्या विश्वचषकात पडद्यावर चित्रण पुन्हा पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणारे व्हिडिओ पंच आले, तेव्हा हे प्रश्न सुटतील असं अनेकांना वाटलं. त्याच वर्षी युरोपातल्या ८८ अव्वल पंचांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संथ गतीत पाहून फाउल आहे की नाही हे ओळखण्यात पंचांची अचूकता फारशी वाढली नाही, कार्डाचे निर्णय मात्र जास्त कडक झाले. क्षणार्धात घडलेली टक्कर ताणून दाखवली की ती ठरवून केल्यासारखी दिसते. त्यामुळे व्हिडिओ पंचांच्या कार्यपद्धतीतच वाटणी केलेली आहे. पाय नेमका कुठे लागला किंवा चेंडू रेषेबाहेर गेला का, हे संथ गतीत पाहावं. फाउल किती जोराचा होता हे ठरवताना मात्र चित्र नेहमीच्याच वेगाने चालवावं.