मूल सांगतं तेवढंच आई-बापाला कळतं

दहावीचं वर्ष लागलं की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत पहारा सुरू होतो. क्लास किती वाजता सुटला, सात रस्त्यावरून घरी यायला एवढा वेळ का लागला, मोबाईलवर कोण होतं? पोरगं वाया जाऊ नये ही तळमळ त्यामागे असते आणि ती खरी असते. पण या पहाऱ्यातून आई-बापाला नेमकं किती कळतं?

स्वीडनमध्ये होकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली याच प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १४ वर्षांची सुमारे ७०० मुलं आणि त्यांचे पालक त्यात होते. आपलं मूल कुठे आणि कोणाबरोबर असतं हे ज्या पालकांना ठाऊक असतं, त्यांची मुलं गोत्यात कमी येतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यावरून सगळीकडे एकच सल्ला दिला जायचा, नजर ठेवा. या दोघांनी विचारलं, ही माहिती पालकांपर्यंत येते कशी? विचारपूस करून, नियम घालून, की मूल आपणहून सांगतं म्हणून? सगळ्यात मोठा वाटा मुलांच्या आपणहून सांगण्याचा निघाला. शिवाय ज्या मुलांना आपण सतत कोणाच्या तरी ताब्यात आहोत असं वाटत होतं, त्यांच्या अडचणी जास्त होत्या.

म्हणजे खरा प्रश्न असा, की मूल सांगायचं कधी थांबवतं?

समजा, आई आणि नववीतली मुलगी चटणीसाठी शेंगा फोडत बसल्यात. मुलगी मान वर न करता म्हणते, "आई, गणिताच्या चाचणीत नापास झाले मी." आईच्या तोंडावर येतं, "म्हणतच होते मी! दिवसभर तो मोबाईल!" ते तिनं गिळलं आणि "कुठलं येईना झालंय तुला?" एवढंच विचारलं, तर पुढचं वाक्य येतं. "सगळंच. आणि मॅडमनी माझा पेपर सगळ्या वर्गाला दाखवला." खरा सल तो होता. पहिल्याच वाक्याला फटकारलं असतं, तर तो कोणालाच कळला नसता. मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटून केलेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय. सांगितल्यावर राग, टोमणे किंवा शिक्षा वाट्याला आली, की पुढच्या खेपेला मूल कमी सांगतं.

याचा अर्थ नियम नकोत असा मुळीच नाही. अमेरिकेतल्या डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींचा अभ्यास सुरू केला, तेव्हापासून एक निष्कर्ष बराचसा टिकून आहे. माया आणि शिस्त दोन्ही मिळतात, त्या घरातली मुलं सरासरीनं जास्त सुखी असतात. नुसता धाक पुरत नाही, नुसते लाडही पुरत नाहीत.

फरक आहे तो वागण्याला घातलेल्या नियमात आणि मनावर टाकलेल्या दाबात. ब्रायन बार्बर यांनी १९९६च्या अभ्यासात हे दोन्ही वेगळे काढून दाखवले. "साडेनवाच्या आत घरी यायचं", "रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा" हे नियम झाले. "तुझ्यासाठी आम्ही एवढ्या खस्ता खाल्ल्या आणि तू हे पांग फेडतोस?", दोन-दोन दिवस धरलेला अबोला, शेजारच्या पोराशी रोजची तुलना, हा दाब. उदासी आणि चिंतेशी या दाबाचा संबंध वारंवार आढळतो. आपल्याकडे यालाच संस्कार समजणारी घरं खूप आहेत, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

या वयात हा दाब मनाला जास्त लागतो, कारण मेंदूचीच बांधणी चालू असते. भावना उसळवणारी यंत्रणा लवकर तापते, तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. झोपेचं घड्याळही पुढे सरकतं. रात्री अकरापर्यंत झोप न येणं हा दरवेळी आळशीपणा नसतो.

पालकांनाच दोष देऊन मात्र भागणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८०च्या दशकात शेती कर्जात बुडाली, तेव्हा रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास केला. पैशाची ओढाताण थेट मुलांपेक्षा आधी आई-बापाच्या मनावर येते, त्यांची आपसांत भांडणं वाढतात, मग मुलांवर ओरडणं वाढतं आणि तिथून ती मुलांच्या मनापर्यंत पोहोचते, असा क्रम त्यांना दिसला. टॉवेलला मागणी नाही म्हणून माग बंद पडलेत, विड्यांची मजुरी कमी पडतेय, अशा सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात "प्रेमानं बोला" एवढं सांगणं अपुरं आहे. त्या बापाला कामाची आणि आधाराचीही गरज असते. शिवाय परिणाम उलटाही होतो. मूळचं चिडकं मूल पालकांनाही चिडकं करतं.

मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प-गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्र तोडले असतील, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. जगण्यात अर्थ नाही असं तोंडातून निघालं, तर त्याच दिवशी मदत घ्या. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येतं. हा फोन पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.